पोर्ट अँब्रोजचा जंगम इतिहास

पोर्ट अँब्रोजचा पेपरमेकर्स हा बर्फावरच्या हॉकीचा संघ पालो सेको या वाळवंटातल्या गावी स्थलांतरित झाला, यात कुणाचीही चूक नव्हती. बर्फाच्या मैदानाचं, म्हणजे रिंकचं, छप्पर गळत होतं, ती छपराची चूक. कागदगिरणी बंद पडली आणि प्रेक्षक आटले, ती कागदाची चूक. संघाच्या मालकांनी पत्रकारांसमोर डोळे पुसत सांगितलं की या गावावर त्यांचं इतकं प्रेम आहे, की इथे राहून गावाचे हाल त्यांना बघवणार नाहीत. म्हणून ते अशा ठिकाणी चालले होते जिथे बर्फ फक्त सरबतात बघितलेला आहे आणि त्यामुळे त्याच्या दर्जाबद्दल तक्रार करणारं कुणी नाही.

मी नगरपरिषदेचा सभासद आणि इतिहास समितीचा चिटणीस. समितीत आम्ही दोघंच, नगराध्यक्षा डोरीन हॅगर्टी आणि मी. हे पद मी मागून घेतलेलं नाही. ज्या बैठकीत ते वाटलं गेलं तिला मी उशिरा पोचलो, एवढंच.

खेळाडू गेले, बस गेली, बर्फ सारखा करायचं यंत्रही गेलं. खालच्या लीगमध्ये हे व्हायचंच, म्हणून आम्ही दोन-चार दिवस बिअरमध्ये दुःख बुडवून सावरलो. पुढच्या आठवड्यात एक रिकामा ट्रक येऊन रिंकच्या दारात उभा राहिला. त्यातून लीगचे प्रतिनिधी श्री. स्ट्रँड उतरले. अत्यंत सभ्य माणूस. पायपुसण्याला बूट पुसूनच आत आले.

"काही राहिलंय का?" डोरीनबाईंनी विचारलं.

"इतिहास," ते म्हणाले.

लीगच्या नियमानुसार संघाचा इतिहास ही जंगम मालमत्ता आहे. संघ जिथे जाईल तिथे ती जाते. रिंक, गटार आणि प्रेक्षक हे स्थावर, ते मागे राहतात. त्याप्रमाणे आढ्याला टांगलेल्या आमच्या तिन्ही अजिंक्यपदाच्या पताका उतरवण्यात आल्या. शिडी आमच्याच अग्निशामक दलाने धरली, कारण पडून कुणाला लागलं असतं तर जबाबदारी गावाची होती. "आपण बासष्ट साली जिंकलो होतो" हे वाक्य त्या दुपारपासून चुकीचं ठरलं. बासष्ट साली पालो सेको जिंकलं होतं. त्या वर्षी पालो सेकोमध्ये एक पेट्रोल पंप आणि एक कुत्रा होता, पण नियमात लोकसंख्येची अट नाही.

सगळ्यात जास्त नुकसान आर्सेन पिलोटचं झालं. आर्सेन आमचा जुना गोलरक्षक, एक नंबरची जर्सी घालणारा. त्याच्याबद्दल सांगायचं तर १९७१च्या अंतिम सामन्याबद्दल सांगावं लागतं, आणि आमच्या गावात तो विषय निघाला की दुकानदार गिऱ्हाईक सोडून ऐकायला येतो.

सामना होता तळ्यापलीकडच्या लिंडेन गावाशी, आमच्याच रिंकवर. बरोबरी झाली आणि जादा वेळ सुरू झाला. जो पहिला गोल करील तो जिंकला. लिंडेनच्या एका धटिंगणाने खेळाची रबरी चकती मारली, आर्सेन आडवा पडला, आणि चकती त्याच्या पायाला बांधलेल्या जाड गादीखाली, गोलाच्या रेषेवर कुठेतरी अडकली. गोलामागे काचेच्या खोक्यात गोलपंच बसलेला होता. गोलपंच यजमान गावानेच द्यायचा अशी तेव्हाची रीत, म्हणून आमचाच वॉल्ट कुबियाक बसलेला, मुख्य रस्त्यावरचा न्हावी. वॉल्टने वाकून बघितलं आणि लाल दिव्याचं बटण दाबलं. लिंडेन जिंकलं.

त्यानंतर अडतीस वर्षं पोर्ट अँब्रोजमध्ये कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि काहीच न मानणारे यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: तो गोल नव्हता. वर्तमानपत्रातला त्या क्षणाचा फोटो प्रत्येक गुत्त्यात टांगलेला होता. त्यात आर्सेनची गादी, थोडी रेषा आणि बरंच धुकं दिसतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, "नव्हता." रस्त्यात भेटलं की एक जण म्हणायचा "नव्हता", दुसरा म्हणायचा "नव्हताच", आणि मग हवापाण्याच्या गोष्टी. आर्सेनला कुठल्याही गुत्त्यात बिअरचे पैसे द्यावे लागले नाहीत. कोपऱ्यावरच्या खाणावळीत त्याच्या नावाचं सँडविच होतं, डुकराच्या मांसाचं, दुप्पट लोणच्याचं. वॉल्टकडे मात्र त्या दिवसापासून गावातलं कुणी केस कापायला गेलं नाही. आम्ही सगळे तळ्याला वळसा घालून लिंडेनला जात होतो. शत्रूकडे केस कापू, पण वॉल्टकडे नाही, असा तत्त्वाचा प्रश्न होता. वॉल्ट आणि आर्सेन त्या दिवसापासून एकमेकांशी बोललेले नव्हते.

आर्सेनची एकच इच्छा होती. त्याची जर्सी आढ्याला चढावी आणि तो नंबर पुन्हा कुणाला मिळू नये, मोठ्या खेळाडूंचा करतात तसा मान. मालक दर वर्षी सांगायचे, पुढच्या हंगामात नक्की. शेवटची दोन वर्षं आर्सेनचं हृदय बरोबर चालत नव्हतं. तो मला एकदा म्हणाला होता, "मेल्यावर चढवाल तर मला खालून दिसणार नाही, आणि वरून दिसेल अशा ठिकाणी मी जाईन याची खात्री नाही." आता एक नंबरही जंगम मालमत्तेबरोबर गेला. पालो सेकोमध्ये तो विंचवाचा पोशाख घातलेल्या एका माणसाला मिळाला, जो मध्यंतरात नाचतो.

संघाशिवाय हिवाळा म्हणजे काय हे आम्हाला त्या वर्षी कळलं. लोक संध्याकाळी घरी बसू लागले आणि बऱ्याच जोडप्यांची नव्याने ओळख झाली. त्यातून तंटे वाढले. शेवटी नगरपरिषदेने लीगला विनंती केली, की मोठा नको, चांगला नको, पण एक संघ द्या. योगायोगाने त्याच सुमारास लिंडेनच्या मालकांनी आपल्या गावावरच्या प्रेमापोटी डोळे पुसले. त्यांची रिंक गाद्यांच्या गोदामाला हवी होती. लिंडेनचा लॉगर्स संघ तळं ओलांडून आमच्याकडे आला आणि अँब्रोज लॉगर्स झाला. गावात बँड वाजला.

मागून ट्रक आला.

श्री. स्ट्रँडनी बूट पुसले, रिंकच्या मधोमध एक गुंडाळी उलगडली आणि आम्ही वाकून बघितलं. लिंडेनच्या पदरी आयुष्यात एकच अजिंक्यपद होतं. पताकेवर लिहिलेलं होतं: विजेते, १९७१.

त्याच संध्याकाळी नगरपरिषदेची खुली सभा भरली. इतकी माणसं गिरणी बंद पडली तेव्हाही आली नव्हती.

"भिंतीकडे तोंड करून लावली तर चालेल का?" डोरीनबाईंनी विचारलं.

"नाही बाई. इतिहास प्रेक्षकांकडे तोंड करून लावायचा असतो. आणि तो लावला नाही तर संघाला इथे खेळता येणार नाही."

"अहो, पण तो आमचा पराभव आहे."

"होता," श्री. स्ट्रँड शांतपणे म्हणाले. "आता तो तुमचा विजय आहे. संघ तुमचा, इतिहास तुमचा. एकाहत्तर साली तुम्ही जिंकलात."

"आम्ही? कुणाला हरवून?"

त्यांनी चष्मा लावून कागद बघितला. "पेपरमेकर्सना. म्हणजे आताच्या हिशेबाने पालो सेकोला."

सभागृहाने मनातल्या मनात हिशेब केला. आमचा संघ पळवणारं, आमच्या पताका पळवणारं, आमच्या एक नंबरात विंचू नाचवणारं पालो सेको. त्यांना आपण जादा वेळात लोळवलं होतं आणि इतकी वर्षं आपल्याला पत्ताच नव्हता. मागच्या रांगेतून नळदुरुस्तीवाल्या ओर्व्हिलने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मीही वाजवली, कारण माझ्या दोन्ही बाजूंना माणसं होती.

एकच अडचण उरली. आपण जिंकलो असू तर तो गोल होता, आणि गावाचं तर ठाम मत होतं की तो नव्हता. इतिहास समितीने हा प्रश्न घाईने न हाताळता टप्प्याटप्प्याने हाताळला. पहिल्या ठरावात आम्ही म्हटलं, चकती रेषेपलीकडे गेली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. दुसऱ्या ठरावात म्हटलं, गेली. तिसऱ्यात म्हटलं, ती गेली होती हे गावाला पहिल्यापासून माहीत होतं, आणि काही मोजक्या लोकांनी गैरसमज पसरवला. गुत्त्यांमधला फोटो तोच ठेवला, खालचा शब्द बदलला. आता त्याच धुक्यात चकती आत गेलेली सगळ्यांना स्वच्छ दिसू लागली. रस्त्यात भेटलं की एक जण म्हणायचा "होता", दुसरा म्हणायचा "होताच". सुरुवातीला काही म्हाताऱ्यांची जीभ अडखळायची. त्यांना सवलत देण्यात आली.

वॉल्ट कुबियाक रातोरात गावाचं भूषण ठरला. एकट्याने सत्य बघितलेला माणूस. त्याच्या दुकानाबाहेर रांग लागली. एवढ्या वर्षांत कात्री क्वचितच हातात धरलेली आणि हात थरथरणारे, त्यामुळे माणूस आत जाई तो एक आणि बाहेर येई तो वेगळाच. पण कुणी तक्रार केली नाही. उलट ज्याच्या कानाला ओरखडा नाही त्याच्याकडे लोक संशयाने बघू लागले. ओर्व्हिल दोनदा जाऊन आला.

माझी पाळी आली तेव्हा मी खुर्चीत बसून म्हणालो, "वॉल्ट, तुझ्यावर फार अन्याय झाला रे."

"मान सरळ ठेव," तो म्हणाला. "अन्याय आत्ता चाललाय. तेव्हा निदान मला दुपारची झोप मिळत होती."

"पण लोकांना आता पटलंय, गोल होता."

"तुम्हाला काय पटलंय? तुम्ही बघितला होता का? मी बघितला म्हणून मी म्हणतो. तुम्ही कशाच्या जोरावर नव्हता म्हणत होता आणि कशाच्या जोरावर होता म्हणताय, देवाला ठाऊक."

मी मान हलवली, आणि तिथेच कानाला कात्री लागली.

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आर्सेनला कुणी टाकून बोललं नाही. आमचं गाव सुसंस्कृत आहे. लोक फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळुवार विचारायचे, "आर्सेन, तू पालथा पडला होतास ना? मग तुला नीट कसं दिसणार?" गुत्त्यातली त्याची खुर्ची संडासाच्या दाराजवळ सरकली. सँडविचचं नाव 'एकाहत्तरचा विजय' झालं आणि लोणचं निम्मं झालं. सगळ्यात मोठी पंचाईत अशी की गावात एकटाच तो अजून "नव्हता" म्हणत होता, आणि तेही आरडाओरडा न करता, मीठ मागावं तितक्या साधेपणाने. हंगामाच्या पहिल्या सामन्याला पताका चढवायची होती आणि श्री. स्ट्रँड हजर राहणार होते. म्हणून डोरीनबाई आणि मी एक अ‍ॅपल पाय घेऊन आर्सेनच्या घरी गेलो.

तो स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळत होता. चार पायऱ्या चढून दार उघडायला आला तेवढ्यानेच त्याला धाप लागली होती.

"बसा. अ‍ॅपल पाय कुणी केलाय? तू केला असशील डोरीन, तर टेबलावर ठेव. विकतचा असेल तर माझ्या ताटात वाढ."

"विकतचा आहे," बाई म्हणाल्या. "आर्सेन, तुझी जर्सी चढवायची ठरवलीय. त्याच दिवशी, पताकेबरोबर."

तो ढवळायचा थांबला.

"नंबर तर विंचवाकडे आहे ना?"

"ते त्यांच्या इतिहासात. आपल्या इतिहासात तू पाहुण्या संघाचा सन्माननीय गोलरक्षक. स्ट्रँडसाहेबांनी मंजुरी दिलीय."

"माझ्याच गावात मी पाहुणा."

"सन्माननीय," मी आठवण करून दिली.

"आणि बदल्यात काय? माईकवर जाऊन सांगायचं, गेली होती?"

"काही बोलायचं नाही," बाई घाईने म्हणाल्या. "आम्ही तो क्षण पुन्हा करून दाखवणार आहोत. तू गोलात उभं राहायचं. आपला एक खेळाडू हलकेच चकती मारील. तू ती आत जाऊ द्यायची. वॉल्ट खोक्यात बसेल, बटण दाबेल. दिवा आणि तुझ्या जर्सीची दोरी एकाच बटणाला जोडलीय. दिवा लागला की जर्सी आपोआप वर. तुला फक्त काही करायचं नाही, बस."

"गोलरक्षकाने काही करायचं नाही," आर्सेन म्हणाला. "डोरीन, तुझा बाप माझ्यासाठी वॉल्टच्या खिडकीवर बर्फाचे गोळे मारायचा."

"बाबा आज असते तर बदलले असते. सगळे बदलले, आर्सेन. तूच एकटा अडून बसलायस. एक क्षण डोळे मीट की. जर्सी तिथे लटकलेली बघायचीय ना तुला?"

"बघायचीय," तो म्हणाला. "फार बघायचीय." आणि त्याने गॅस बंद केला. "येईन."

तो दिवस उजाडला. रिंक खच्चून भरली. वॉल्टच्या दुकानातून आलेली तेवढी डोकी एकत्र बघून श्री. स्ट्रँड क्षणभर दचकले, पण सभ्यपणाने काही बोलले नाहीत. पताका वर गेली. मग खेळाडूंच्या बोगद्यातून आर्सेन पिलोट आला, जुन्या गाद्या बांधून, एक एक पाऊल सरकत. त्याची एक नंबरची जर्सी बर्फावर दोरीला बांधून ठेवली होती. त्याने जाताना तिच्याकडे बघितलं. मग गोलासमोर जाऊन वाकला, काठीने दोन्ही खांबांना एकेकदा टकटक केलं आणि तयार राहिला.

आमच्या खेळाडूने सांगितल्याप्रमाणे चकती हलकेच मारली. आर्सेनने ती अडवली.

"माफ करा," तो म्हणाला. "सवय."

लोक समजूतदारपणे हसले. दुसऱ्यांदा आणखी हलकी मारली. या वेळी आर्सेन खरोखर प्रयत्न करत होता, मी जवळून बघत होतो. त्याने डोळे मिटले, ओठ आवळले. पण चकतीचा आवाज आला आणि त्याचा डावा पाय जाऊन आडवा पडला. चकती थांबली. या वेळी कुणी हसलं नाही. मागे कुठेतरी एक म्हातारं माणूस पुटपुटलं, "नव्हता," आणि शेजाऱ्याने त्याला कोपर मारलं.

तिसऱ्यांदा डोरीनबाईंनी खेळाडूला खूण केली आणि त्याने चांगली सणसणीत मारली. आर्सेन आडवा झाला. चकती त्याच्या गादीखाली शिरली आणि तो तसाच पडून राहिला, धापा टाकत. या वेळी त्याने माफी मागितली नाही.

सगळ्यांनी काचेच्या खोक्याकडे बघितलं. वॉल्ट उठला, वाकला, काचेला नाक लावून बघितलं आणि परत बसला. दिवा लागला नाही.

डोरीनबाई कठड्यापर्यंत धावल्या. "वॉल्ट, दाब ना बटण."

"गेली नाही."

"अरे, तेव्हा दाबलं होतंस की."

"तेव्हा गेली होती. आज नाही गेली."

"बाबा रे, त्याची जर्सी अडकलीय त्या बटणाला. त्याच्यासाठी तरी दाब."

वॉल्टने खोक्याचं दार उघडलं आणि खाली बर्फाकडे बघून विचारलं, "काय रे पिलोट? दाबू?" एवढ्या वर्षांतलं त्यांचं हे पहिलं बोलणं.

आर्सेनने मान उचलून आधी जर्सीकडे बघितलं. मग म्हणाला, "गेली नाही, तर दाबतोस कशाला?"

वॉल्टने हात मांडीवर ठेवले. सामना अर्धा तास उशिरा सुरू झाला आणि आम्ही तो हरलो.

मला वाईट वाटलं. स्पष्टच सांगतो, फार वाईट वाटलं. इतिवृत्तात मी लिहिलं की प्रात्यक्षिक यशस्वी झालं, गोल झाला, तांत्रिक बिघाडामुळे दिवा लागला नाही, आणि दिवा न लागल्यामुळे जर्सीचा प्रश्न पुढील हंगामात विचारार्थ ठेवण्यात येत आहे. श्री. स्ट्रँडनी ते वाचून समाधान व्यक्त केलं.

आम्ही पुन्हा केस कापायला लिंडेनला जातो. वॉल्टच्या दुकानात आता एकच गिऱ्हाईक असतं. आर्सेनच्या डोक्यावर एकही केस नाही, तरी तो रोज सकाळी खुर्चीत बसतो, मानेभोवती कापड गुंडाळून. दोघं एकाहत्तरवरून भांडतात. वॉल्ट म्हणतो गेली होती, आर्सेन म्हणतो तू आंधळा होतास. रस्त्यावरून जाताना आवाज ऐकू येतो. जर्सी कोट अडकवायच्या खुंटीला टांगलेली आहे. डॉक्टरांनी आर्सेनला वसंतापर्यंतची मुदत दिली होती, आणि वसंत आला.

त्याच्याबरोबर आणखीही काही आलं. गेल्या आठवड्यात लॉगर्सच्या मालकांनी पत्रकारांना बोलावून डोळे पुसले. म्हणजे ट्रक निघाला असणार. एकाहत्तरचं अजिंक्यपद आता आमचं राहणार नाही आणि मग तो गोल असण्याचं आम्हाला काही कारणही राहणार नाही. दुसरा एखादा संघ मिळेल, तो कुठला इतिहास घेऊन येईल, सांगता येत नाही. तोपर्यंत नागरिकांनी त्या गोलाबद्दल कुठलंही मत बाळगू नये, अशी सूचना समितीने काढली आहे आणि लोक ती काटेकोरपणे पाळत आहेत. रस्त्यात भेटलं की फक्त मान हलवतात.

हे सगळं वाचून तुम्ही विचाराल, ते ठराव-बिराव राहू द्या, चकती खरोखर रेषेपलीकडे गेली होती की नव्हती? मला सांगायला काहीच हरकत नाही. त्या संध्याकाळी मी गोलामागे तिसऱ्या रांगेत बसलो होतो आणि माझे डोळे तेव्हा उत्तम होते. फक्त आधी एवढं कळवा, की तुमच्या गावात सध्या कुणाचा संघ आहे. म्हणजे तुम्हाला पटेल असं सांगता येईल.